नाव बदललं, दिवा तोच?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण विषय माझ्या ब्रँचचा आहे, आणि ट्रेनिंगच्या वेळी मी त्यात चांगलीच अडकले होते.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात एलईडी पॅनेल लाइट बनतात. त्यांचं एक अमेरिकन गिऱ्हाईक तेच दिवे स्वतःच्या नावाने विकतं. खोक्यावर त्याचं नाव, स्टिकरवर त्याचा मॉडेल नंबर. फसवाफसवी वाटते ना? मलाही वाटली. पण हा सरळ, मान्य धंदा आहे. याला प्रायव्हेट लेबल म्हणतात. वाणी गिरणीतलं पीठ स्वतःच्या पिशवीत भरून विकतो ना, तसंच.

खरी भानगड पुढे आहे. अमेरिका-कॅनडात डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम, म्हणजे डीएलसी, नावाची संस्था ऑफिसं, गोदामं, कारखाने यांच्यासाठी चांगल्या दिव्यांची यादी ठेवते. मॉडेल यादीत असेल तर तिथल्या बऱ्याच वीज कंपन्या ग्राहकाला रिबेट देतात. नसेल तर तो दिवा घेणार कोण?

यादीत यायला मूळ कारखान्याला रिपोर्ट द्यावे लागतात. एलएम-७९ मध्ये अख्खा दिवा तपासतात: ल्युमेन किती, वॉट किती, रंग कसा. एलएम-८० मध्ये नुसती एलईडी निदान ६,००० तास चालू ठेवतात, म्हणजे २५० दिवस! तरी डीएलसीला खात्री हवी ५०,००० तासांची. तेवढं थांबायचं तर आपली डिग्री होऊन वर दीड वर्ष जाईल. म्हणून टीएम-२१ नावाच्या गणिताने पुढचा अंदाज काढतात. दिव्यात बसवल्यावर ती एलईडी किती तापते, हेही थर्मोकपल चिकटवून मोजतात.

नुसतं नाव बदलणाऱ्याला हे सगळं पुन्हा करावं लागत नाही. तो मूळ मॉडेलचा आधार देतो, आणि नाव-नंबर सोडून दिवा तोच आहे असं लिहून द्यावं लागतं. सगळा डोलारा त्या 'तोच' या शब्दावर. मूळ मॉडेल यादीतून उडालं, की त्याच्या आधाराने आलेली पिल्लंही उडतात.

तो कागद टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. सहज म्हणून लाइनवरचा एक दिवा उघडला, तर आतला ड्रायव्हर रिपोर्टमधल्या फोटोतला नव्हताच! सुपरवायझर काका म्हणाले, "अगं, तो मिळेना म्हणून दुसरा लावला. वॉट तेवढेच आहेत. मी स्वतः चेक केलंय."

केलं होतं खरं, पण आपल्या २३० व्होल्टवर. डीएलसीची अट अशी की पॉवर फॅक्टर ०.९ च्या खाली नको आणि टीएचडी, म्हणजे करंटची साइन वेव्ह किती बिघडली ते, २० टक्क्यांच्या वर नको. २३० वर टीएचडी १७ आला, पास. पण दिव्यावर छापलं होतं १२० ते २७७ व्होल्ट, कारण अमेरिकेत मोठ्या इमारतींत २७७ वर दिवे चालतात. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच वॉटला करंट कमी लागतो, आणि स्वस्त ड्रायव्हरला तो कमी करंट नीट सांभाळता येत नाही. एसी सोर्स २७७ वर नेला. टीएचडी २४!

माझे हात थंड पडले. माल पॅक झालेला, आणि सांगणारी कोण, तर दोन महिन्यांची ट्रेनी. रीडिंगचा कागद तसाच मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि खोकी उघडायला सांगितली.

जुने ड्रायव्हर यायला तीन आठवडे लागले, तोवर माल पडून. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लाइनवरून हाक आली, "ए पोरी, ते २७७ वर कसं लावायचं, दाखव जरा."