वाङ्मयाचे वाचन आणि संस्कृतीची मालकी

वाङ्मयवाचन कमी झाल्याने संस्कृतीची हानी होते काय, हा प्रश्न सभासंमेलनांतून वरचेवर विचारला जातो. बहुधा तो खेदाच्या सुरात विचारला जातो आणि खेदातच विरून जातो. बौद्ध उपासक-उपासिकांना मात्र तो असा सोडून देता येणार नाही. वाचन थांबल्यावर एखाद्या संस्कृतीचे काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. ते आपल्याच डोंगरांत कोरलेले आहे.

नाशिकजवळच्या लेण्यांचे पाहा. तेथील शिलालेखांत त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी, असे स्वच्छ दिलेले आहे. उषवदाताच्या लेखात तर हिशेबही आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवावीत आणि त्यांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी रक्कम द्यावी, अशी ती व्यवस्था होती. दाता कोण, दान कोणाला, व्याजाचा दर काय, हे सारे दगडावर होते. तरीही शतकानुशतके लोक त्या जागेला 'पांडवलेणी' म्हणत आले. लेख कोणी खोडला नव्हता. तो वाचणारे उरले नव्हते, इतकेच. लिपी अपरिचित झाली तशी उषवदाताची जागा पांडवांनी घेतली. आज 'त्रिरश्मी' हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी येत आहे, तेही कोणीतरी ती अक्षरे पुन्हा वाचली म्हणूनच.

कार्ल्याच्या चैत्यगृहातही हेच घडले. तेथे धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या गंधी व्यापाऱ्याचे आहे. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेला स्तंभही तेथे उभा आहे. श्रमाने जगणाऱ्या माणसांनी आपली नावे दगडावर कोरावीत आणि त्यांच्याच भूमीतील पुढच्या पिढ्यांना ती वाचता येऊ नयेत, यापरती हानी ती कोणती?

दिल्लीतील एक प्रसंग याहून बोलका आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथील अशोकस्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीस आणविले. त्यांवरील लेख वाचण्यासाठी त्याने पंडितांना पाचारण केले, परंतु कोणासही वाचता आले नाही. काहींनी तर, फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा स्तंभ कोणी हलवू शकणार नाही, असे त्यावर लिहिले असल्याचे सांगितले! त्या काळच्या फारसी इतिहासात ही हकीकत नमूद आहे. सामान्य लोक त्या स्तंभाला भीमाची काठी समजत. न वाचलेला मजकूर कोरा राहत नाही, दुसरा कोणी तो आपल्या सोयीने भरून काढतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, तेव्हा धम्माचे पालन, प्राणिमात्रांवर दया आणि सर्व पंथांविषयी आदर सांगणारा राजा त्या अक्षरांतून पुन्हा बोलू लागला.

म्हणून आमचे उत्तर असे की, वाचन थांबल्याने संस्कृती लगेच नष्ट होत नाही. तिची मालकी बदलते. वास्तू राहतात, उत्सव राहतात, वंदनाही राहते, त्यांचा अर्थ मात्र दुसऱ्याच्या हाती जातो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. भगवान बुद्धांचे वचन आरंभीची काही शतके लिहिलेलेच नव्हते. ते भिक्खुसंघाच्या मुखी होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतही अक्षरओळख थोड्यांनाच होती. तरीही जलशांतून आणि शाहिरांच्या गीतांतून त्यांना बाबासाहेबांची चळवळ कळली आणि त्यांनी ती आपलीशी केली. मग वाचनाचा एवढा आग्रह कशासाठी?

आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हाला मान्य आहे. परंतु ती मौखिक परंपरा म्हणजे केवळ कानावर पडणे नव्हे. दीघनिकायाचे भाणक निराळे, मज्झिमनिकायाचे निराळे. प्रत्येकावर ठरावीक भागाची जबाबदारी असे, एकत्र पठण होई आणि चूक झाली की दुसरा ती दुरुस्त करी. कार्ल्याच्या स्तंभावरील सातिमित अशाच परंपरेतला. पालीत विद्वानाला 'बहुस्सुत' म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले तो. पण त्याचे वर्णन ऐकण्यावर संपत नाही. ऐकलेले त्याने धारण केलेले असते, वाणीने घोळविलेले असते, मनाने तपासलेले असते. आज दूरदर्शनच्या पडद्यावर, ध्वनिक्षेपकावर आणि मोबाइलवर जे ऐकू येते त्यात यांपैकी किती पायऱ्या असतात? ही तुलना थोडी कठोर आहे हे आम्ही जाणतो. तथापि ती करावी लागते.

शिवाय मौखिक परंपरेला आपला धोका ठाऊक होता. श्रीलंकेत दुष्काळ आणि आक्रमण यांच्या काळात भिक्खुसंघ विस्कळीत झाला. अट्ठकथेत सांगितले आहे की, एका संकटकाळी 'महानिद्देस' हा ग्रंथ एकाच भिक्खूला मुखोद्गत उरला होता आणि त्याचे आचरण शुद्ध नव्हते. एका शीलवान थेराचे मन त्याच्यापुढे शिकण्यास बसायला तयार होईना. अखेर ग्रंथ लुप्त होऊ नये म्हणून तो त्याच्याकडून शिकला. एक ग्रंथ एका माणसाच्या स्मृतीवर टांगलेला होता! इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी तिपिटक लिहून काढले गेले, त्यामागे ही भीती होती. भारतात पाली ग्रंथांचे अध्ययन खंडित झाले आणि ते तिपिटक आपल्याला पुढे सिंहल, ब्रह्मदेश, सयाम यांच्याकडून परत मिळवावे लागले.

आता वाङ्मयाचा प्रश्न. ग्रंथातील उपदेश सारांशाने सांगता येतो, मग गाथा, कथा, काव्य वाचण्याचे प्रयोजन काय? थेरीगाथेतील पुण्णिकेचे उदाहरण घ्यावे. ही पाणी वाहणारी दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती ऐन थंडीत नदीवर जाते. तेथे तिला एक ब्राह्मण पापक्षालनासाठी कुडकुडत स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर मासे, बेडूक आणि कासवे सगळीच स्वर्गाला जातील की नाही? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्य का नेणार नाही? शेवटी तो ब्राह्मणच त्रिशरण घेतो. 'कर्मकांड मानू नका' हा नियम पाठ करणाऱ्याला घरात एखादी व्याधी आली की नवस आठवतो. ज्याच्या मनात पुण्णिका वसली आहे त्याला तिचा प्रश्न आठवतो. २२ प्रतिज्ञा आपण उच्चारतो, त्या प्रतिज्ञांमागची बुद्धी अशा वाङ्मयातून जागी राहते.

स्वतः बाबासाहेबांची धम्माकडे जाणारी वाट एका पुस्तकातून सुरू झाली. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी हे सांगितले आहे. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भरलेल्या सभेत दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. घरी रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखणाऱ्या कथा आम्ही का वाचाव्यात? दोन्ही वाङ्मये वाचलेली होती म्हणून तो तुलना करू शकला. न वाचणारा मुलगा हा प्रश्न विचारूच शकला नसता. पुढे राजगृह उभे राहिले ते ग्रंथांसाठी.

मग आज आपल्याकडे स्थिती कशी आहे? आपला समाज पुस्तके घेत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, तशी साहित्य संमेलनांनाही क्वचित लाभते. गावाकडचा मजूर भाडेखर्चातून पैसे वाचवून ग्रंथ नेतो. आमची चिंता त्यानंतरची आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ अनेक घरांत वस्त्रात गुंडाळून प्रतिमेपाशी ठेवलेला असतो, त्यापुढे मेणबत्ती लागते. आदर योग्यच आहे. पण भीमाची काठी समजून स्तंभाला नमन करणाऱ्यांचाही आदर खोटा नव्हता.

दुसरी गोष्ट अभ्यासिकांची. अनेक विहारांच्या ग्रंथालयांत आता पहाटेपासून तरुण-तरुणी बसलेल्या दिसतात, आणि त्यांच्यापुढे बहुधा स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके असतात. नोकरी मिळविणे ही आपल्या घरांची निकड आहे, तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र परीक्षेपुरते वाचणाऱ्याला थेरीगाथेची सनावळी ठाऊक असते आणि पुण्णिका भेटलेली नसते. त्याच कपाटात दलित आत्मकथने धूळ खात असतात. ती ज्यांच्या आई-वडिलांच्या आयुष्याची आहेत, त्या मुलांनी ती न वाचल्यास त्यांचा अर्थ कोण लावणार, हे नाशिकच्या डोंगराने आपल्याला एकदा दाखविले आहे.

याला आधार आपल्याकडे आहेच. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून ग्रंथपठण चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. निरक्षर वृद्धाही त्यात असतात. भाणक परंपरेशी नाते सांगणारी ही पद्धती आहे. आमची सूचना इतकीच की, रोजच्या पठणानंतर पंधरा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत, वाचणारा आळीपाळीने बदलावा आणि आठवड्यातून एक दिवस थेरीगाथा, जातककथा किंवा एखादे आत्मकथन वाचावे. काही ठिकाणी प्रश्न विचारणे हा अनादर समजला जातो. पुण्णिकेच्या धम्मात तो अनादर कसा ठरेल?

१८४० साली राजस्थानातील बैराट येथे अशोकाचा एक लेख सापडला. त्यात राजाने सात धम्मग्रंथांची नावे देऊन भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा प्रकट केली आहे. त्यांत राहुलाला असत्य भाषणाविषयी केलेला उपदेशही आहे. तिपिटकात ही सात सुत्ते कोठे आहेत याचा शोध ज्यांनी घेतला, त्यांत धर्मानंद कोसंबी हे एक होते. लहान मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचून ते गोव्यातून पालीच्या शोधात निघाले होते. त्या सातांपैकी काही नावे नेमक्या कोणत्या सुत्तांची, याविषयी विद्वानांत अजूनही मतभेद आहेत.