मोबाइल बाळासाठी नाही, आई-बाबांसाठी!

अक्कलकोटकरांनो, घरात तान्हं बाळ असेल तर हे नक्की वाचा.

23 ऑगस्ट 2022 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'पालन 1000' ही मोहीम आणि पालकांसाठीचं ॲप मुंबईतल्या परिषदेत सुरू केलं. उद्घाटन दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी ऑनलाइन केलं. हजार म्हणजे गरोदरपणाचे साधारण 270 दिवस आणि पुढची दोन वर्षं. मेंदूची वाढ सगळ्यात झपाट्याने होते ती याच काळात. भरपूर माया, बोलणं, खेळ, गोष्टी, अंगावर पाजताना बाळाशी संवाद आणि स्वतःचा ताण सांभाळणं, एवढंच त्यात सांगितलंय. महागड्या खेळण्यांची गरजच नाही!

आमच्या शेजारची सून भाकरी थापता थापता आठ महिन्यांच्या लेकीशी बोलत असते. बाळ वाटी आपटतं, ती ताट वाजवून उत्तर देते. पलीकडून अज्जी कन्नडमधून हाक मारते, आणि बाळ दोघींकडे वळतं. मला तर हाच खरा अभ्यासक्रम वाटतो.

म्हणूनच ॲप बनवणाऱ्या मित्रांना कळकळीची विनंती: आपल्या सीमाभागासाठी मराठीसोबत कन्नडही द्या, आणि तेही ऐकता येईल असं. रेंज नसतानाही चालू द्या. बाबांना आणि अज्जीलाही वेगळ्या सूचना पाठवा.

आणि हो, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, एक वर्षापर्यंतच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. ॲप तुम्ही बघा, मग फोन फडताळात ठेवून बाळाला मांडीवर घ्या.