दातांची सखोल सफाई : नंतरची निगा

हिरडी आणि दात यांमधील फट चार मिलिमीटर वा अधिक खोल झाली, की तेथील कीटण ब्रशने निघत नाही; ते मुळापर्यंत खरवडून काढावे लागते. दिल्लीतील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेसारख्या शासकीय संस्थांतही ही सोय आहे. मात्र उपचाराचे यश नंतरच्या निगेवर अवलंबून असते.

बधिरता उतरेपर्यंत, म्हणजे साधारणतः दोन ते चार तास, काही चावू नये. गाल वा जीभ नकळत चावली जाते. एक-दोन दिवस थुंकीत किंचित रक्त दिसणे स्वाभाविक आहे. मऊ भात, खिचडी घ्यावी; गोलगप्पे, तिखट चाट, शेंगदाणे काही दिवस टाळावेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. मऊ ब्रश वापरावा. तंबाखू, गुटखा, सिगारेट पूर्णतः वर्ज्य. त्यांमुळे हिरड्या भरून येण्यास विलंब होतो.

दिल्लीच्या जानेवारीत नळाचे पाणी दातांना झोंबते. चूळ कोमट पाण्यानेच भरावी. सूज ओसरल्यावर हिरड्या आक्रसतात, दात लांब आणि फटी मोठ्या भासतात. ‘सफाईने दात सैल होतात’ हा गैरसमज यातूनच पसरतो आणि अनेकजण पुढील भेट टाळतात. वस्तुतः कीटणाने झाकलेली हानीच तेव्हा उघड होते.

मधुमेहींनी रक्तशर्करा आटोक्यात ठेवावी. रक्तस्राव न थांबल्यास, ताप आल्यास वा सूज वाढल्यास त्वरित दंतवैद्यांना भेटावे. चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणी करून घ्यावी. ठेवीच्या मुदतीप्रमाणे ही तारीखही नोंदवून ठेवावी.