मूल गप्प का झाले, हे विचारायचे कोणी?

आमच्या वस्तीत सातवीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याचे नाव येथे देत नाही. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचे काम करते. मुलगा अभ्यासात बरा, रविवारी विहारातल्या बालवर्गात वंदना म्हणायला सर्वांत पुढे. असा हा मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर हळूहळू गप्प होत गेला. सकाळी शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागले. शाळेचा जवळचा रस्ता सोडून तो लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. घरातल्या डब्यातून कधी दहा, कधी वीस रुपये कमी होऊ लागले. आईने विचारले, वडिलांनी मारले. मुलाने मार खाल्ला, पण तोंड उघडले नाही.

मी एका कार्यालयात कारकून आहे. रविवारी विहारात बसून वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. एका रविवारी हा मुलगा फोटो चिकटवायला माझ्याजवळ बसला होता. काम करता करता त्याने खाली मान घालूनच विचारले, "काका, मोठ्या मुलांची तक्रार केली तर आपल्यालाच शाळेतून काढतात का?"

मी पेन खाली ठेवले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. नववीतली दोन मुले शाळेच्या वाटेवर टपरीजवळ त्याला गाठत. रोज पैसे मागत. पैसे नसले की जातीवरून नाव ठेवत, दप्तर गटाराच्या कडेला फेकत. पुढे त्यांनी त्याला मावा आणायला पिटाळायला सुरुवात केली. आणि एक दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत पंक्चरचे सोल्यूशन घालून ती पिशवी त्याच्या नाकापाशी धरली. "ओढ, मग तू आमच्यातला," असे म्हणाले. त्याने दोनदा ओढले होते. हे सांगताना तो रडला नाही. शेजारी कोणी ऐकत नाही ना, एवढेच पुन्हा पुन्हा पाहत होता.

दादागिरी आणि व्यसन: मूळ एकच

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण या दोन गोष्टी वेगळ्या समजतो. मुलांची मारामारी म्हणजे पोरखेळ आणि व्यसन म्हणजे वाईट संगत, असे म्हणून मोकळे होतो. परंतु वरील प्रकरणात दोन्ही एकाच टपरीवर, एकाच हाताने घडले. दुबळ्या मुलाला आधी भीती दाखवायची आणि मग त्या भीतीतून सुटण्याची किंमत म्हणून व्यसन पुढे करायचे. दोन्ही गोष्टी जगतात त्या मुलाच्या गप्प बसण्यावर. म्हणूनच दोहोंवर उपायही एकच, तो म्हणजे मुलाला निर्धास्तपणे बोलता येईल असे एक मोठे माणूस.

हा प्रश्न आपल्याच गावांचा आहे असेही नाही. युनेस्कोने २०१९ साली जगभरातील पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात शाळेत सोबत्यांकडून दादागिरी सोसावी लागली होती. त्याच २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने व्यसनांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. दारू, गांजा, अफू या सर्वांचे प्रमाण मोठ्या माणसांत अधिक आढळले. परंतु हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर, हा एकच प्रकार असा निघाला की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. या व्यसनासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार असावीत, असा त्या पाहणीचा अंदाज आहे.

कारण उघड आहे. हे पदार्थ स्वस्त आहेत आणि ते विकत घेताना कोणी संशय घेत नाही. आपल्याकडे फर्निचरची दुकाने, पंक्चरवाले, चपला शिवणारे, रंगकाम करणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या प्रामाणिक धंद्याची वस्तू मुलाच्या हाती विष होते. ही वाफ मेंदूवर परिणाम करते, आणि हृदयाचे ठोके बिघडून पहिल्या खेपेलाही मृत्यू येऊ शकतो. हे पालकांना माहीत असले पाहिजे.

एका भाषणाने भागत नाही

शाळांमध्ये या विषयावर काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन आणि २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. फेरी निघते, घोषणा होतात, चित्रे काढली जातात, पाहुणे भाषण करतात. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जाताना त्याच टपरीवरून जातात.

नुसत्या भाषणाने मुले सुधारत नाहीत, हा जगाचा अनुभव आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात १९८३ साली पोलिसांनी वर्गावर जाऊन व्यसनाविरुद्ध धडे देण्याची मोठी योजना सुरू झाली. ती देशभर पसरली, पैसाही भरपूर खर्च झाला. पुढे तिची तपासणी झाली तेव्हा असे दिसले की, धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनात टिकाऊ असा फरक पडलेला नाही.

त्याच १९८३ साली नॉर्वे देशात वेगळे काम सुरू झाले. आदल्या वर्षाच्या अखेरीस तेथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि सोबत्यांचा छळ हे त्याचे कारण असावे, असे मानले गेले. डॅन ओल्व्हेअस या मानसशास्त्रज्ञांनी आखलेल्या त्या कार्यक्रमात भर भाषणावर नव्हता. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी मैदानावर लक्ष ठेवायचे. वर्गाने स्वतःचे नियम ठरवायचे आणि दर आठवड्याला त्यावर बोलायचे. त्रास देणाऱ्या मुलाशी व त्रास सोसणाऱ्या मुलाशी वेगवेगळे बोलायचे. पालकांना बोलावून घ्यायचे. आणि मुख्य म्हणजे जी मुले नुसती बघत उभी राहतात, त्यांना मध्ये पडायला, निदान शिक्षकांना सांगायला शिकवायचे. तेथील शाळांत दादागिरी बरीच कमी झाली आणि इतर अनेक देशांनी ती पद्धत उचलली.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ते दर आठवड्याला मुलांसाठी राखून ठेवलेला वेळ.

हे आपण हक्काने मागू शकतो

आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण पुढील गोष्टी कागदावर आहेत आणि कागदावरचे मागितल्याशिवाय मिळत नाही, हा माझा कारकुनीतला अनुभव आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक शिक्षक व एक शिक्षिका, प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यांनी आठवड्यातून एक तास मुलांशी बोलायचे आहे. विषय अकरा आहेत. मनाचे आरोग्य, हिंसेपासून बचाव आणि व्यसनांना प्रतिबंध हे त्यातलेच. आपल्या मुलाच्या शाळेत ते दोन शिक्षक कोण, आणि तो तास वेळापत्रकात कोणत्या वारी आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आमच्या वस्तीतल्या त्या मुलाच्या शाळेत आम्ही विचारले. प्रशिक्षण झालेल्या बाई होत्या, पुस्तिका कपाटात होती आणि तो तास गणिताचा अभ्यासक्रम पुरा करण्यात जात होता. बाईंची चूक नव्हती. आजवर कोणी विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. ज्या शिक्षणसंस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तेथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवला पाहिजे. शंभर विद्यार्थी नसलेल्या शाळा आपल्या तिन्ही गावांत किती निघतील? तेव्हा पालकसभेत हा प्रश्न लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतर शासनाने शाळांत कॅमेरे, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांचे आदेश पुन्हा काढले. कॅमेरा हवाच. परंतु कॅमेऱ्याला टपरीवरचे दिसत नाही आणि पोट का दुखते हे विचारता येत नाही. तक्रारपेटी कोण उघडते, किती दिवसांनी उघडते, हे पालकांनी विचारावे.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार अनुदानित व शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आपल्या माता-भगिनींनी या समितीत केवळ सही करण्यापुरते जाऊ नये. हे प्रश्न तेथे मांडावेत.

जातीवरून चिडवणे हा पोरखेळ नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. "फुकटची शिष्यवृत्तीवाले" असे वर्गात म्हटले जाते, तेव्हा मुलाने काय करावे? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे गोणपाट घेऊन बसावे लागले. आज गोणपाट नाही, पण शब्द आहेत. असे घडले तर तारीख, ठिकाण, शब्द लिहून मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. मुलाला "दुर्लक्ष कर" एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे त्याला एकटे पाडणे होय.

आधी आपले घर

परंतु शाळेकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. टपरीवर मुलाला पहिल्यांदा कोणी पाठवले? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे: आपणच. "जा रे, तंबाखूची पुडी घेऊन ये." आजी मशेरी भाजते, नातवंड बोटाला लावून बघते आणि आपण हसतो.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे हा गुन्हा आहे. त्याला दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतच. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. शाळेजवळच्या टपरीची तक्रार करताना या दुसऱ्या कायद्याचे नाव अर्जात अवश्य लिहावे.

पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. घरात बाटली असेल तर मुलाच्या कानात ते शील कसे उतरणार? वडिलांनाच व्यसन असेल तर लाज न बाळगता उपचार घ्यावेत. डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण केंद्र उभे केले. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर येतो, हे तेथील कामाने महाराष्ट्राला दाखवले आहे.

मुलाचे पोट रोज शाळेच्याच वेळेला दुखते का, पैसे किंवा वस्तू हरवतात का, रुमालाला थिनरचा वास येतो का, ओठांभोवती पुरळ आहे का, डोळे लाल असतात का, हे पाहावे. दिसले तर मारू नये. मारलेले मूल आणखी गप्प होते. शेजारी बसावे, कामात हात द्यायला सांगावे आणि थांबावे. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, हे फोन विनामूल्य आहेत. हे तीन आकडे विहाराच्या फळ्यावर आजच लिहून ठेवावेत.

आणि ती दुसरी मुले?

आम्ही चार पालक मुख्याध्यापकांना भेटलो. त्या टपरीबद्दल अर्ज दिला. बाईंचा तो तास आता शुक्रवारी होतो. मुलगा शाळेत जातो, वडिलांनी त्याच्यावर हात उगारणे सोडले आहे. सगळे बरे झाले असे म्हणणार नाही. अजूनही तो लांबच्याच रस्त्याने जातो.

त्या दोन नववीतल्या मुलांपैकी एक आपल्याच वस्तीतला निघाला. त्याच्या घरी गेलो. बाप दारू पिऊन पडलेला, आई कामावर, आणि मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. ज्याला आम्ही गुंड समजून दरडावायला गेलो होतो, त्यालाही विचारणारे कोणी नव्हते. आता तोही रविवारी अर्जांवर फोटो चिकटवायला येतो. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाच डब्यातला डिंक वापरतात.

प्रत्येक विहारात रविवारी एक तास, एक जाणते माणूस, एक सतरंजी एवढे तरी आपण करू या. शाळेत समुपदेशक येईल तेव्हा येईल, त्यासाठी भांडायचेच आहे. तोवर मुलांना विचारणारे कोणीतरी हवे.

जय भीम.