उल्का, खड्डे आणि डॅशकॅम

15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरात लोक नेहमीसारखे कामावर निघाले होते. उरल पर्वताच्या पूर्वेचं हे कारखान्यांचं शहर. नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आभाळात दुसरा सूर्य उगवावा तसं काहीतरी झालं. एक पांढराशुभ्र गोळा आभाळ चिरत गेला, क्षणभर खऱ्या सूर्यालाही फिकं पाडून विझला आणि मागे धुराचा जाड पट्टा सोडून गेला. वीसेक मीटर व्यासाचा, बारा हजार टनांच्या आसपासचा एक दगड सेकंदाला सुमारे 19 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसला होता. जमिनीपासून साधारण तीस किलोमीटर उंचीवर तो फुटला, तेव्हा हिरोशिमावरच्या बॉम्बच्या तीसेक पट ऊर्जा मोकळी झाली.

प्रकाश लगेच दिसला. आवाजाला मात्र शहरापर्यंत यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. एवढ्या वेळात माणसं काय करणार? कुतूहलाने खिडकीशी गेली, आणि तेव्हाच धक्क्याची लाट येऊन काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, त्यातले बरेचसे काचांनीच जखमी झालेले. हजारो इमारतींचं नुकसान झालं.

हे सगळं आपण पाहिलं आहे, आणि मला याचंच फार अप्रूप वाटतं. याच रशियात, सायबेरियातल्या तुंगुस्का भागात 30 जून 1908 रोजी याहून कितीतरी मोठा स्फोट झाला होता. तिथे पहिली शास्त्रीय मोहीम पोचायला 1927 साल उजाडलं, आणि तो नक्की लघुग्रह होता की धूमकेतू यावर लोक अजून वाद घालतात. चेल्याबिन्स्कच्या दगडाची सूर्याभोवतीची कक्षा मात्र काही दिवसांत मोजली गेली. ती मोजायला कुठल्या वेधशाळेची दुर्बीण कामाला आली नाही, कारण दगड सूर्याच्या बाजूने आला होता आणि त्या झगमगाटात तो कोणालाच दिसला नव्हता. कामाला आले ते शहरातले कॅमेरे आणि शेकडो गाड्यांच्या पुढच्या काचांवर चिकटवलेले स्वस्त डॅशकॅम.

रशियन चालकांनी ते आभाळ न्याहाळायला बसवले नव्हते. त्यामागे अगदी साधी, थोडी उदास करणारी कारणं होती. मुद्दाम गाडीपुढे पडून पैसे उकळणारे लोक, स्वतःच रिव्हर्समध्ये येऊन धडकणारे आणि मग भरपाई मागणारे चालक, विम्याचे तंटे, हात पसरणारे वाहतूक पोलीस. जिथे एकमेकांच्या शब्दावर विश्वास उरला नाही, तिथे लोकांनी काचेवर साक्षीदार बसवून घेतला.

मग शास्त्रज्ञांनी या साक्षीदारांची उलटतपासणी केली. शहरातल्या क्रांती चौकातल्या एका कॅमेऱ्यात दिव्याच्या खांबांच्या सावल्या उल्केबरोबर भराभर फिरताना दिसत होत्या. खांबाची उंची आणि सावलीची लांबी कळली की प्रकाश आभाळात किती उंचावर होता हे शाळेतली त्रिकोणमिती सांगते, आणि सावलीची दिशा उल्केची दिशा सांगते. कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी हजारो किलोमीटर दूर बसून अशा चित्रफितींवरून कक्षेचा पहिला हिशेब मांडला. नंतर रशियात गेलेल्या एका पथकाने जिथून चित्रीकरण झालं होतं तिथे रात्री कॅमेरे लावून ताऱ्यांचे फोटो काढले. ताऱ्यांच्या जागा अचूक माहीत असतात, त्यामुळे चित्रातला खांब किंवा छपराचा कोपरा आभाळात नेमका कुठे येतो हे ठरवता आलं. असं करत करत दगडाचा माग मंगळाच्या पलीकडे, लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत काढला गेला.

दोन वर्षांनी, 4 फेब्रुवारी 2015 ला, तैपेईत असंच काहीसं घडलं. ट्रान्सएशियाचं एक विमान उड्डाणपुलावर तिरकं होत पंखाने टॅक्सीला घासून नदीत कोसळलं. विमानातले 43 जण गेले. मागून येणाऱ्या गाडीच्या डॅशकॅमने ते काही सेकंद टिपले आणि जगभरच्या लोकांनी डोळे विस्फारून पाहिले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गाडीवर उल्का पडणार नाही. आपल्या वाट्याला येतो तो राँग साइडने आलेला दुचाकीवाला, इंडिकेटर न देता कट मारणारी एसयूव्ही आणि सिग्नलवर मागून ठोकून उलट आपल्यालाच दम देणारा इसम. 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. डॅशकॅम लावावा का, हा प्रश्न या रस्त्यांवरचा आहे. माझं उत्तर ‘लावावा’ असं आहे. पण हे यंत्र काय करू शकतं आणि काय नाही, हे कळल्याशिवाय लावण्यात अर्थ नाही.

गाडी सुरू झाली की डॅशकॅम चालू होतो आणि एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करत चित्रीकरण साठवत जातो. साध्या फुल एचडी चित्राला तासाला सहा-सात जीबी जागा लागते, म्हणजे 64 जीबीचं कार्ड नऊ-दहा तासांत भरतं. मग सगळ्यात जुना तुकडा पुसून त्याच्या जागी नवा लिहिला जातो. रहाटगाडग्यासारखं भरत राहायचं, रिकामं होत राहायचं. आपल्या प्रवासाचा बहुतेक भाग विसरून जाणं हेच या यंत्राचं रोजचं काम.

मग अपघाताचा तुकडा तेवढा कसा राहतो? कॅमेऱ्याच्या पोटात एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडीला हिसका बसला की तो किंचित सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांशी असलेलं त्याचं अंतर बदलतं. त्या बदलाने विद्युतधारितेत पडलेला फरक चिप मोजते. हिसका ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर त्या वेळचा तुकडा कुलूपबंद होतो, पुसला जात नाही.

इथे महाराष्ट्राचे रस्ते मध्ये येतात. संवेदनशीलता जास्त ठेवली तर यंत्राला प्रत्येक खड्डा अपघात वाटतो. पावसाळ्यात शहरातून दोन-चार दिवस गाडी चालवा, कार्ड कुलूपबंद खड्ड्यांनी भरून जातं आणि नव्या चित्रणाला जागा उरत नाही. म्हणून आपल्याकडे ही सेटिंग ‘लो’ वर ठेवावी. सगळं चांगलं आहे ना, हे अधूनमधून कार्ड उघडून पाहावं. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे पातळ आवरणाआड कोंडलेले इलेक्ट्रॉन. दर पुसण्या-लिहिण्याला ते आवरण थोडं झिजतं. फोटोंसाठी घेतलेलं स्वस्त कार्ड या सततच्या लिहिण्याने लवकर मान टाकतं, आणि ते मेलं आहे हे नेमकं अपघाताच्या दिवशी कळतं. सतत लिहिण्यासाठी बनवलेलं ‘हाय एंड्युरन्स’ कार्डच घ्यावं.

उन्हाचंही तसंच. धडकेत गाडीची वीज तुटली तर शेवटचा तुकडा नीट बंद करायला कॅमेऱ्याला काही सेकंदांची स्वतःची वीज लागते. ती काही मॉडेलांत लिथियम बॅटरीतून येते, काहींत सुपरकपॅसिटरमधून. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या काचेपाशी त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत बॅटरी फुगते. विदर्भात राहणाऱ्याने सुपरकपॅसिटरवालाच कॅमेरा घ्यावा, इतर गोष्टींत तडजोड केली तरी चालेल.

आणि सगळ्यांना हवी असते ती नंबरप्लेट. इथे जाहिराती आणि गणित यांचं जमत नाही. फुल एचडी चित्रात आडवे 1920 ठिपके असतात. भिंग 140 अंशांचं असेल तर एका अंशाला चौदा ठिपकेही येत नाहीत. आपली चारचाकीची नंबरप्लेट साधारण 50 सेंटिमीटर रुंद. दहा मीटरवरून ती तीन अंशांहूनही कमी जागा व्यापते, म्हणजे चाळीसेक ठिपके. त्यात एमएचपासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा अक्षरं बसवायची. एका अक्षराला चार ठिपके आले, आणि चार ठिपक्यांत 3 आणि 8 यांत फरक करता येत नाही. पाच मीटरवर मात्र अंदाज बांधता येतो. फोरके कॅमेऱ्यात ठिपके दुप्पट होतात म्हणून हे अंतरही साधारण दुप्पट होतं, बाकी जादू काही नाही.

रात्री तर याहून वाईट. अंधारात पुरेसा उजेड गोळा करायला कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत डोळा उघडा ठेवतो. तेवढ्यात ताशी 60 किलोमीटरने आडवी जाणारी गाडी 55 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. प्लेटच्या रुंदीपेक्षा जास्त! अक्षरं एकमेकांत मिसळून पांढरी रेघ उरते. म्हणून अनुभवी चालक ठोकून पळणाऱ्या गाडीचा नंबर मोठ्याने उच्चारतात. कॅमेऱ्याचा माइक तो टिपतो. डोळ्याला न दिसलेलं कानाने लिहून घ्यायची ही युक्ती मला फार आवडते.

आणखी एक गंमत सिग्नलची. एलईडी दिवा आपल्याला सलग पेटलेला दिसतो, पण अनेक सिग्नलांचे दिवे विजेच्या तालावर उघडझाप करतात. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. कॅमेरा सेकंदाला नेमकी 25 चित्रं घेत असेल तर दर चौथ्या लुकलुकीला तो डोळा उघडतो, आणि तो नेमका दिवा विझलेला असतानाचा क्षण असला तर चित्रफितीत सिग्नल सलग बंद दिसू शकतो. ‘माझा हिरवा होता’ असं तुम्ही शपथेवर सांगाल आणि तुमचाच कॅमेरा तिथे काळोख दाखवेल. जपानची पंचाईत मोठी, कारण त्या एकाच देशात पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 आवर्तनांची वीज आहे. दोन्हींचा ताल चुकवायला तिथले बरेच डॅशकॅम सेकंदाला 27.5 असल्या विचित्र संख्येने चित्रं घेतात.

हे सगळं जमलं, चित्र मिळालं. ते न्यायालयात चालतं का? याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्या जालन्यात घडलं आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा दावा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी केला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुढे आलं. पण ते सीडीवर उतरवलेलं होतं, आणि ही नक्कल कुठल्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 14 जुलै 2020 च्या निकालाने देशभरासाठी नियम स्पष्ट केला. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर प्रश्न नाही, नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळत नाही, त्याला न्यायालय सूट देऊ शकतं. जालन्याच्या खटल्यात तशी ती दिली गेली.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचं झालं आहे, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या कोट्यवधी शून्य-एकांना एका गणितातून गाळून काढलेली छोटी खूण. त्यातल्या एका प्रचलित पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. फाइलमधलं एकच शून्य बदलून एक केलं तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ वाटेत दाबून लहान केला जातो, म्हणजे मूळ फाइलची खूण त्याला उरतच नाही. म्हणून पोलिसांना आणि विमा कंपनीला नक्कल द्या, मूळ कार्ड हातचं सोडू नका.

या पुराव्याची किंमत किती, हे मोटार वाहन कायद्यात दिसतं. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या घरच्यांना ठरीव दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. गाडीचा नंबर कळला तर तिच्या विमा कंपनीविरुद्ध दावा करता येतो, आणि त्यात मृताचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं हे सगळं मोजलं जातं. कोणा परक्याच्या डॅशकॅममधल्या दहा अक्षरांवर एका कुटुंबाची पुढची वीस वर्षं अवलंबून असू शकतात.

गोपनीयतेचा मुद्दा खरा आहे. जर्मनीत 2018 साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सतत चित्रीकरण बेकायदा ठरवलं, तरी अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल असंही म्हटलं. माझं मत विचाराल तर स्वतःसाठी नोंद ठेवणं वेगळं आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला इंटरनेटवर उभं करून हसणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी हे यंत्र घेऊ नये. गाडीतल्या गप्पाही रेकॉर्ड होतात, हे सोबतच्यांना सांगावं किंवा माइक बंद ठेवावा. मग नंबर ओरडायची युक्ती गेली, हे ओघाने आलंच.

शिवाय जीपीएस असेल तर तुमचा स्वतःचा वेगही चित्रावर छापला जातो. साक्षीदार तुमचा असला तरी तो तुमच्या बाजूने बोलेलच असं नाही. ज्याला हे चालत नाही त्याने कॅमेरा न घेतलेला बरा. अपघात टाळण्याचं काम तर त्याच्याकडून होतच नाही. त्याचे तीन-चार हजार खर्च करण्याआधी झिजलेले टायर बदला आणि मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा लावायला लावा.

लावायचाच असेल तर आरशाच्या मागे, तुमची नजर अडणार नाही अशा जागी लावा. त्याचं घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहा, चुकीच्या तारखेचा पुरावा समोरचा वकील आधी फाडतो. आणि अपघात झालाच तर पहिला फोन 108 ला करा, जखमीकडे पाहा. ते झाल्यावर कॅमेरा बंद करून कार्ड काढा आणि खिशात ठेवा.