संत्रा बर्फीच्या गावात कडू चॉकलेट

दिवाळीला भाचीने ऑरोव्हिलच्या ‘मेसन अँड को’ची चॉकलेटची पेटी धाडली. सवयीने कचकन चावायला गेले, तर ती फोनवरून ओरडली, “मावशी, जिभेवर विरघळू दे!” आधी कडू, मग मनुकेसारखी आंबूस चव. कोकोच्या बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, त्याची ही करामत. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानात पिकतो. तिथल्या मळ्यांत लहान पोरंही राबतात. या पेटीतल्या चॉकलेटच्या बिया मात्र दक्षिणेतल्या शेतकऱ्यांकडून थेट घेतलेल्या. संत्रा बर्फीवर वाढलेल्या माझ्या जिभेला पहिला तुकडा औषधासारखा लागला, तिसरा मी लपवून ठेवला. नागपूरकरांनो, मागवायचं तर थंडीतच मागवा. मे महिन्यात पेटीतून सरबत निघेल.