पडद्यावरचा आकडा किती जुना?

गेल्या वर्षी एका सायंकाळी दवाखाना आवरत असताना जुन्या परिचयातील एका आजींचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, मोबाइलवर साखर १८२ दिसते आहे, पण मला दरदरून घाम सुटला आहे!" दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर होता आणि त्याचे विजेट नातवाने हौसेने मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर मांडून दिले होते. बोट टोचून पाहावयास सांगितले, तो ग्लुकोमीटरवर ६४! तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावयास लावली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

विजेटवरील आकडा दीड तासापूर्वीचा होता. खाली बारीक अक्षरांत वेळ होती. अठ्ठ्याहत्तरीच्या डोळ्यांना ती कशी दिसावी? बॅटरी वाचविण्याची सोय चालू असल्याने ॲप मागच्या मागे झोपी गेले होते आणि त्याचा इशाराही वाजला नव्हता.

शॉर्टकट म्हणजे केवळ दार. बोट लावले की ॲप उघडते. विजेट ॲप न उघडताच आतील माहिती दाखविते. अँड्रॉइडवर ही सोय २००९ पासून सर्वांना खुली झाली. आयफोनच्या मुख्य पडद्यावर विजेट यावयास २०२० साल उजाडले. मात्र ते अखंड ताजे राहते, हा आपला समज आहे. अँड्रॉइडमध्ये विजेटचे ठरावीक नूतनीकरण अर्ध्या तासाहून कमी अंतराने होत नाही. त्याआधी हवे असल्यास ॲपला वेगळी तजवीज करावी लागते. आयफोनही दिवसभरातील नूतनीकरणांवर मर्यादा घालतो. त्यात सेन्सर मोजतो ती पेशींभोवतालच्या द्रवातील साखर, रक्ताच्या काही मिनिटे मागे चालणारी!

हवामान, तारीख, पावलांची मोजणी यांसाठी विजेट खुशाल ठेवावे. ज्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते, तेथे मात्र शॉर्टकटच बरा, असे माझे मत आहे. एक बोट अधिक लागते खरे, पण ॲप उघडल्यावर आकडा ताजा आहे की सेन्सरचा संपर्क तुटला आहे, हे बहुधा समोरच दिसते. (आपल्या स्वतःच्या मोबाइलवरील भेटींचे विजेटही एकदा पाहावे. मेजावर पालथा न ठेवलेला मोबाइल समोरच्या रुग्णास पुढील तिघांची नावे वाचून दाखवीत असतो.)

आजींच्या पडद्यावर आता साखरेचे केवळ चिन्ह आहे, तेही अंगठ्याशी, खालच्या ओळीत. रिकाम्या झालेल्या जागी नातवाने पणतीचे छायाचित्र लावून दिले आहे.